सतरा नंबरचं मत

माझी भाची पुण्यात राहते. मावशी वाचायला काही नसलं तर खंगेल, अशी तिची समजूत आहे, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी ती मला कॉमिक्सचा गठ्ठा पाठवते. सोबत एखादं जाडजूड पुस्तकही असतं. या वेळचा गठ्ठा आला त्याच दिवशी आमच्या कॉलनीत पहिला टँकर आला. नांदेडहून विष्णुपुरीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं घर. धरण जवळ, तरी पावसानं दडी मारली की सगळ्यांत आधी आमच्याच नळाला कळतं. टँकरवाल्याने पाइप हौदात सोडला आणि मी पायरीवर बसून गठ्ठ्याची सुतळी कापली. रिकाम्या हौदात पाणी पडायला लागलं की सुरुवातीला थोडा वेळ आत कुणीतरी बोलत असल्यासारखं वाटतं. मग तळ भरतो आणि ते बोलणं थांबतं.

हल्लीच्या कॉमिक्सबद्दल माझी मतं कुणी विचारत नाही, तरी मी देते. कागद इतका गुळगुळीत की बोट घसरतं. नायकांचे दंड एवढे फुगलेत की सदरा घालायला त्यांना दुसरा माणूस लागत असणार. आणि सगळे सदा दुःखी. आमच्या वेळचा नायक राक्षस मारून घरी जेवायला जायचा. आताचा राक्षस मारतो, गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसतो आणि चार पानं विचार करतो. भुतं मात्र सुधारली. पूर्वीचं भूत नुसतं दात विचकायचं, आताच्या भुताला बालपण असतं, आई असते, राहून गेलेली कामं असतात. जाड पुस्तकांचं काय सांगावं? एका कादंबरीत आभारच तीन पानं होते. दुसरीतली माणसं अर्धं वाक्य बोलून खिडकीबाहेर बघत राहतात. आणि एक गोष्ट तर कुठल्याच लेखकाच्या ध्यानात येत नाही. पुस्तकातल्या माणसांना तहान लागत नाही. तीनशे पानं धावतील, भांडतील, प्रेमात पडतील, पण घोटभर पाणी कुणी मागणार नाही. लिहिणाऱ्याच्या नळाला चोवीस तास पाणी येत असावं.

अशी मतं मी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने लिहिते आणि खाली नंबर टाकते, ४१. भाचीला ही मावशीची काहीतरी गंमत वाटते. मीही तिला कधी खुलासा केला नाही. ही सवय मला लातूरच्या एका उन्हाळ्याने लावली आणि तो उन्हाळा कुणाला सांगायचं म्हटलं की माझ्याच घशाला कोरड पडते.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. वडील कारकून, दप्तरांच्या गाठोड्यांसोबत उस्मानाबादहून ट्रकमध्ये बसून आले आणि मागोमाग आम्ही तिघी, आई, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान सुनंदा. गावभर रंगाचा वास होता. जिकडे तिकडे पेंटर शिडीवर चढून पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडत होते. पत्त्यावर लोक सवयीनं आधी जुना जिल्हा लिहायचे, मग जीभ चावून तो खोडायचे. त्या साली पाऊस असा झालाच नव्हता. जून आला, अर्धा सरला, आणि ढग नुसते येऊन बघून जात होते. "जिल्हा आला आन् पाणी गेलं," असं पानाच्या ठेल्यावरचे लोक म्हणायचे आणि हसायचे. पण हसता हसता मध्येच गप्प व्हायचे.

कारण आणखी एक बोललं जायचं. नवा जिल्हा म्हणजे नव्या इमारती, आणि मोठी इमारत उभी राहायची तर पायात मूल पुरावं लागतं म्हणे. कुठल्या इमारतीच्या, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणायचं पोतं घेऊन फिरणारी बाई आहे, कुणी म्हणायचं पांढरी जीप आहे. नांदेडला धरण बांधून राहिले तिथंही पोरं लागली, अशी बातमी एस.टी.तून आली. वडील वैतागायचे. "मी रोज त्या फायली बघतो, सिमेंट लागतं, सळया लागतात. पोरांचा कॉलम नाही तिथं," म्हणायचे. तरी दुपारी गल्ली ओस पडायची. उन्हात पांढरी पडलेली गल्ली, बंद दारं, आणि दारांच्या फटीतून बाहेर बघणारे डोळे. त्या दुपारच्या शांततेची भीती मला अजून वाटते. अंधाराची तेवढी वाटत नाही.

गल्लीच्या टोकाला एक विहीर होती. तळाशी कमरेइतकं पाणी, तेही दिवसभरात झिरपून साठलेलं. आईने पहिल्याच दिवशी आम्हाला दारात उभं करून बजावलं, "सगळ्यांचं भरून झालं की आपण भरायचं. पुढं घुसायचं नाही. कुणी काही बोललं तर उलटं बोलायचं नाही. विहिरीचं वाईट आपल्या तोंडून निघता कामा नये." गल्लीत बौद्धांचं घर आमचं एकटंच होतं. आमची भांडी कुणी अडवली नव्हती. बदलीवाले म्हणून असेल, वडिलांच्या कचेरीमुळे असेल. आईच्या मनात मात्र तिच्या माहेरची विहीर होती. तिथं तिच्या आईला काठावर हात टेकू दिला नव्हता. आई त्याबद्दल बोलायची नाही, पण पोहरा सोडताना काठाला हात लागला की चटकन मागे घ्यायची.

पाणी आणायचं काम खरं तर माझं. तेरा वर्षांची होते मी, अंगानं थोराड. पण मला गोलाईच्या बाजारामागच्या बोळातलं हमीदचाचांचं दुकान सापडलं आणि कळशी सुनंदाच्या कमरेवर गेली. ती कुरकुरायची नाही. "ताई वाचून राहिली," असं विचारणाऱ्या बायांना सांगायची, माझा तिला अभिमान असल्यासारखं.

हमीदचाचा जिल्दसाज होते, पुस्तकं शिवणारे. कचेऱ्यांची रजिस्टरं बांधायची हा धंदा आणि कॉमिक्स भाड्यानं द्यायची हा शौक. फाटकी-तुटकी कॉमिक्स आणून, शिवून, पुठ्ठा लावून ते अशी मजबूत करायचे की भांडणात डोक्यात घातली तरी टिकतील. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक जाड कागद शिवलेला असायचा. त्यावर वाचणाऱ्याने आपलं मत लिहायचं, खाली सभासद नंबर टाकायचा. "राय लिखे बगैर दुसरी किताब मिळणार न्हाई," हा त्यांचा कायदा होता. माझा नंबर एकेचाळीस. त्यांच्या दुकानात चिकटवायच्या खळीचा आंबूस वास असायचा आणि कोपऱ्यात मडकं, ज्यातलं पाणी खळीसाठी की पिण्यासाठी असा रोजचा झगडा. "पुस्तकाला बी पाणी पाजावं लागतं बेटा," ते म्हणायचे, आणि आपण अर्धा पेला पिऊन अर्धा खळीत ओतायचे.

चाचा शिकले निजामाच्या राज्यातल्या उर्दू शाळेत. मराठी फर्डं बोलायचे, पण मराठी अक्षर त्यांना एकही येत नव्हतं, आकडेसुद्धा नाही. मग मतं वाचतात कशी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पुढं कळलं की ते मताची लांबी बघायचे. जितकं जास्त लिहिलेलं, तितकी किताब चांगली. मी एका कॉमिक्सला अर्धं पान शिव्या घातल्या होत्या, तर त्याच मालिकेची आणखी सहा पुस्तकं त्यांनी मोठ्या खुशीनं आणली.

त्या उन्हाळ्यात काही नवी कॉमिक्स आली. पहिलं मी नेलं ते अवकाशयानांचं. वाचून झालं, मत लिहायला शेवटचं पान काढलं, तर तिथं आधीच ठसठशीत, गोल अक्षरात कुणीतरी लिहून ठेवलेलं : "राक्षस फारच लठ्ठ काढलाय. एवढं खाल्ल्यावर माणसाला झोप येते, भीती वाटत नाही. १७." खाली एक इवलासा मासा काढलेला. पुस्तकात राक्षस नव्हताच. मला हसू आलं. सतरा नंबरच्या डोक्यावर उन्हाचा परिणाम झालाय, असं म्हणून मी खाली लिहिलं, "कोणता राक्षस? चष्मा लावा. ४१." दुसरं होतं गुप्तहेराचं. त्यावर, "मांत्रिकापेक्षा त्याची बायको हुशार. पुढचं पुस्तक तिच्यावर काढा. १७." आणि मासा. मांत्रिक नव्हता, बायको नव्हती. पण मत मात्र मला पटलं. सतरा नंबर कोणीही असो, वाचणारं माणूस होतं. मला त्या नव्या गावात मैत्रीण नव्हती. पुस्तक नेताना मी आता आधी शेवटचं पान उघडायला लागले.

तिसऱ्या पुस्तकात, शाळेतल्या चावट पोरांच्या गोष्टींमागे, लिहिलं होतं : "पाण्यातून हाका येतात हे चित्रकाराला कसं कळलं? मला तर रोज दुपारी येतात. १७." मी पुस्तक पुन्हा चाळलं. पाण्याचं एकही चित्र नव्हतं. दुपारची वेळ होती, आई पडली होती, सुनंदा विहिरीवर गेलेली. घरात रिकामा रांजण आणि मी. मी त्या मताखाली काहीच लिहिलं नाही. उठून दाराची कडी लावली आणि मग सुनंदा बाहेर आहे हे आठवून पुन्हा काढली.

चौथं पुस्तक मी नेलं नसतं तर बरं झालं असतं. विनोदी होतं, गाढव आणि धोबी असलं काहीतरी. ते वाचलंच नाही. उभ्या उभ्या शेवटचं पान उघडलं. "मोठी पुस्तक वाचत बसते आणि धाकटी रोज घागर घेऊन जाते. हे मला आवडलं नाही. धाकटी विहिरीत वाकून बघते तिथं मी पुस्तक मिटलं. पुढचं वाचवलं नाही. १७."

अंगावर काटा आला, असं आपण सहज लिहितो. माझ्या अंगावर त्या दिवशी खरोखर आला, भर उन्हात, मानेपासून टाचेपर्यंत. हे कुठल्या पुस्तकाचं मत नव्हतं. हे आमच्या घराचं होतं. कुणीतरी आम्हाला बघत होतं, पुढचं पान त्याला दिसलं होतं आणि ते मला सांगायची त्याची हिंमत होत नव्हती. मी धावत घरी आले. सुनंदा उंबऱ्यात कळशी घेऊन निघालेली. मी ती तिच्या हातून हिसकली.

"काय करून राहिलीस, ताई? आईनं सांगितलंय."

"जायचं नाही."

"का?"

पुस्तकामागे लिहिलंय असं सांगितलं असतं तर आईने पुस्तकं बंद केली असती. पायात मुलं पुरतात म्हटलं असतं तर वडील ओरडले असते. मी म्हटलं, "विहिरीत कुत्रं मरून पडलंय. मी वास घेतलाय." आणि ते शेजारच्या काकूंनी ऐकलं.

संध्याकाळपर्यंत गल्लीत पोहरा हलला नाही. दुसऱ्या दिवशी बाया दोन गल्ल्या ओलांडून पाण्याला गेल्या, तिथल्या बायांशी भांडून अर्ध्या कळशा घेऊन आल्या. आईने मला न्हाणीत नेलं, माझे दोन्ही दंड धरले आणि अगदी हळू विचारलं, "खरं बघितलंस?" मी हो म्हणून मान हलवली. "खरं असलं तर ठीक. खोटं निघालं तर ते म्हणतील, ह्यांनीच काहीतरी टाकलं. कळतंय का तुला?" मला तेव्हा कळलं, आणि कळूनही मी खोटं परत घेतलं नाही. एका पारड्यात आईची लाज होती, दुसऱ्यात सुनंदाचा जीव. तेरा वर्षांच्या मुलीला हा तराजू का धरावा लागावा, असं आज मला वाटतं. तेव्हा वाटलं ते एवढंच, की सुनंदा विहिरीत वाकता कामा नये.

तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या चार बाप्यांनी पाणी उपसून गाळ काढला. आई दारात उभी होती, पदराचं टोक दातात धरून. टोपल्या वर येत होत्या. चिखल, फुटके पोहरे, एक तांब्या, दोराचे तुकडे, गोट्या. कुत्रं नव्हतं. मांजरसुद्धा नव्हतं. एकदम सगळे आमच्या घराकडे बघायला लागले आणि तेवढ्यात खाली उतरलेला माणूस ओरडला, "आवं, कडंला झरा फुटून राहिलाय!" गाळाखाली दबलेली एक शीर मोकळी झाली होती. बाया काठावर धावल्या. कुत्र्याचं कुणाला आठवलं नाही. आई घरात आली, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीसमोर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मी तिच्याजवळ गेले नाही. मला जायचा हक्क आहे असं वाटलं नाही.

विहिरीचं पाणी त्यानंतर वाढलं की कमीच झालं, यावर त्या गल्लीत आजही दोन तट आहेत म्हणतात. मला काही आठवत नाही. ते गाढवाचं पुस्तक घेऊन मी चाचांच्या दुकानात गेले होते.

"चाचा, सतरा नंबर कोण आहे?"

त्यांची सुई थांबली. "कोण बोललं तुला सतरा?"

"कुणी नाही. पुस्तकात लिहिलंय."

"सतरा नंबर कुणालाच दिलेला न्हाई. सोळानंतर एकदम अठरा हाय माझ्या वहीत."

मी शेवटचं पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ते उलटं धरलं, मग सुलटं. अक्षरांवरून बोट फिरवलं, काहीच हाती न लागल्यासारखं. बोट माशापाशी आलं आणि तिथंच राहिलं. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मुमताज त्यांची लेक. मराठी शाळेत घातलेली, कारण राज्य आता मराठीचं होतं. ती दुकानात बसायची, सभासदांची मतं बापाला वाचून दाखवायची, वाचता वाचता स्वतःची मतं घुसडायची आणि हाती येईल त्या कागदावर मासा काढायची; सतरा नंबर तिनेच गुपचूप घेतला असणार. जिल्हा होण्याच्या आदल्या साली, सतरावं वर्ष लागलेलं असताना, काविळीनं गेली. "पाणीच खराब व्हतं त्या साली," चाचा म्हणाले. आजारात तिच्या उशाशी कॉमिक्स असायची. सारखं पाणी मागायची, आणि दवाखान्यातले मोजून द्यायचे. मग ती वाचायची. ती गेल्यावर चाचांनी ती पुस्तकं पेटीत ठेवून दिली. या उन्हाळ्यात जाड कागद मिळेना, तेव्हा पेटी उघडली, पुस्तकं उसवली आणि मागचे कागद नव्या कॉमिक्सना लावले.

"पण त्यावर दुसऱ्या पुस्तकांची मतं होती, चाचा."

"कोऱ्या पानाची किताब कुणी नेत न्हाई बेटा. राय बघितली की गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो. मी म्हटलं, राय ती राय. कुणी कशाबद्दल लिहिली, हे कोण बघून राहिलं?"

मी बघत होते, हे त्यांना कसं ठाऊक असणार? शिवताना कागद त्यांच्याकडून उलटे होते, इवला मासा त्यांच्या ध्यानात आलाच नव्हता. मी त्यांना सगळं सांगितलं, कुत्र्यासकट. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आता वाच. जे जे तिनं लिहिलंय ते वाच."

पुढचे पंधरा दिवस मी रोज दुपारी वाचून दाखवलं. पाण्याला आता मी जायची, सकाळीच, सगळ्यात शेवटी. मग दुकानात. शिवलेल्या पुस्तकांतली पानं चाचांनी एकेक करून परत काढली. लठ्ठ राक्षसावर ते इतके हसले की मडक्याला धक्का लागला. "लई बदमाश व्हती," म्हणायचे आणि डोळे पुसायचे. हाकांचं मत मी गाळणार होते, पण त्यांनी माशांची संख्या मोजून ठेवली होती, म्हणून तेही वाचावं लागलं. उठून मडक्यातलं सगळं पाणी त्यांनी दारातल्या वाळल्या तुळशीच्या डब्यात ओतलं. ती तुळस शेजाऱ्यांची होती.

शेवटचं मत विहिरीचं. ते वाचल्यावर चाचांनी विचारलं, "पुढं काय झालं?"

"माहीत नाही. तिनं पुस्तक मिटलं."

"मिटलं ते मला समजलं. गोष्टीत पुढं काय झालं? धाकटीचं?"

ते पुस्तक कोणतं हे कसं कळणार? उसवलेल्या कॉमिक्सची पानं त्यांनी एकावर एक खळीनं चिकटवून पुठ्ठे केले होते. जिल्दसाजाच्या घरी कागद वाया जात नाही. ती गोष्ट कुठल्यातरी पुठ्ठ्याच्या पोटात, कुठल्यातरी कचेरीच्या रजिस्टरावर, कायमची बंद झाली होती. "तुला कुठं मिळाली तर शेवटपर्यंत वाच," चाचा म्हणाले. "माझ्या पोरीनं अर्धी सोडली. मोठ्यानं वाच." मी हो म्हटलं. लहान वयात माणूस किती सहज हो म्हणतं! दोन वर्षांनी वडिलांची बदली हदगावला झाली, चाचाही कधीतरी गेले, आणि मी आयुष्यभर कॉमिक्स वाचत राहिले. लोक म्हणतात, हिला नाद आहे. नाद वगैरे काही नाही. एक गोष्ट शोधायची होती.

ती या वेळच्या गठ्ठ्यात होती.

तरुण मुलांनी काढलेलं कॉमिक, याच वर्षी छापलेलं, शाईचा वास न गेलेलं. दुष्काळातलं गाव, दोघी बहिणी, मोठी उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली. अकराव्या पानावर धाकटी घागर ठेवते, काठाला दोन्ही हात टेकते आणि वाकून आत बघते. मी पुस्तक मिटलं. विहिरी आणि बहिणी आपल्या मुलखात कमी नाहीत, कुणी जुनीच गोष्ट नव्यानं काढली असेल, हे मी स्वतःला बजावलं. पण पान उलटायला हात होईना. तीन दिवस ते पुस्तक डाळीच्या डब्याखाली ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी सुनंदा आली. ती औशाच्या दवाखान्यात परिचारिका आहे, या भाचीची आई. दुपारी एस.टी.तून उतरून घामाघूम आली, हौदातलं तांब्याभर पाणी तोंडावर मारलं आणि म्हणाली, "लई ऊन, ताई. त्या सालासारखं." कोणतं साल ते आम्हा दोघींना विचारावं लागत नाही. आणि मला काय वाटलं कोण जाणे, चाळीस वर्षांनी मी तिच्याजवळ कबूल केलं की विहिरीत कुत्रं नव्हतं. फक्त एवढंच. सतरा नंबरचं तिला मी कधी सांगितलं नव्हतं, तेव्हाही सांगितलं नाही. आपल्या मरणाचं भाकीत झालं होतं असं बहिणीला कुठल्या तोंडानं सांगायचं?

"मला ठावं हाय," सुनंदा म्हणाली. "आदल्या दिवशीच वाकून बघितलं व्हतं मी. कुत्रं न्हाई, काही न्हाई."

"वाकून? का?"

"कुणीतरी बोलावून राहिलं व्हतं की खालून." ती पदराने मान पुसत होती. "दुपारची वेळ, काठावर मी एकटी. पोरीचा आवाज. मला वाटलं, कुणी पडलंय."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. "काय म्हणत होती?"

"नाव न्हाई घेतलं. नंबर घेतला. म्हणे, एकेचाळीस नंबर, पुढं काय झालं? दोनदा म्हणाली. तू पुस्तकात लिहायचीस ना एकेचाळीस, म्हणून मला कळलं की तुलाच इचारून राहिली."

"मग?"

"मग काय? म्हटलं, ताई घरी हाय. वाचून राहिली, अजून संपलं न्हाई. संपलं की सांगंल." सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. "लहान व्हते मी. भीती बी वाटली न्हाई तवा. कळशी भरली आन् आले. तुला सांगायचं राहूनच गेलं."

बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी उठले, डाळीच्या डब्याखालचं पुस्तक काढलं आणि तिला सगळं सांगितलं, सतरा नंबर, मासा, चाचा, पुठ्ठे. रोग्याची तक्रार ऐकावी तसं तिने ऐकून घेतलं. अकरावं पान मी तिच्यासमोर धरलं. ते तिने नीट पाहिलं.

मग ती अंगणात गेली, वाकली आणि हौदावरचं पत्र्याचं झाकण दोन्ही हातांनी बाजूला सारलं. आतलं पाणी हललं असावं, उजेडाचा एक तुकडा भिंतीवर थरथरला. ती काठावर बसली आणि मला शेजारी बसायला जागा केली.

"पान उलट," सुनंदा म्हणाली. "आन् मोठ्यानं वाच."